सांगोवांगीवर शिक्षा वाढवू नका

फौजदारी खटल्यात ऐकीव गोष्टीला किंमत नसते, हे कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतं. घटना ज्याने पाहिली त्यानेच पिंजऱ्यात येऊन सांगायचं. बोलणं ज्याच्या कानावर पडलं त्यानेच ते सांगायचं. साक्षीदार "मला अमक्याने सांगितलं" म्हणाला रे म्हणाला की बचावाचे वकील हरकत घ्यायला उभे राहतात. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६० हेच सांगत होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ५५ ही तेच सांगतं. पण प्रत्यक्षात हा पहारा आरोपी दोषी ठरेपर्यंतच टिकतो. एकदा न्यायाधीशांनी दोषी धरलं की शिक्षा किती द्यायची यावर सुनावणी होते, आणि खटला चालू असताना ज्या गोष्टींना उंबरठ्यावर अडवलं होतं त्या या सुनावणीत बिनदिक्कत आत येतात.

माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षा वाढवण्यासाठी ऐकीव माहिती वापरू नये. अगदी वापरायचीच वेळ आली तर ती कुठून आली हे आरोपीला कळलं पाहिजे आणि ती खोडून काढायला त्याला वेळ मिळाला पाहिजे. शिक्षा कमी करण्याच्या बाजूने मात्र कोर्टाने हात थोडा सैल ठेवावा. दोन्हीकडे एकच माप हवं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे पुढे वळू.

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात शिक्षेवरचा युक्तिवाद एकदा बसून ऐकावा. कित्येकदा तो निकालाच्याच दिवशी होतो आणि थोडक्यात आटोपतो. समजा, वीस वर्षांचा मुलगा आहे. भांडणात कोयता मारून एकाला जखमी केल्याबद्दल दोषी ठरलाय. जखम खरी आहे, कोयता पंचांसमक्ष जप्त झालाय, डॉक्टरांची साक्ष झालीय. त्याला दोषी धरण्यात काहीच चुकलेलं नाही. आता सरकारी वकील उठतात. आरोपी सराईत आहे, त्याच्यावर आणखी चार गुन्हे दाखल आहेत, परिसरात त्याची दहशत आहे, लोक तक्रार द्यायला घाबरतात, मागे त्याला तडीपार केलं होतं, सबब जास्तीत जास्त शिक्षा व्हावी. मग न्यायाधीश आरोपीकडे पाहतात: काही सांगायचंय का? तो म्हणतो, घरी आई एकटी आहे साहेब, शिक्षा कमी करा. झालं. सरकारी वकिलांच्या त्या यादीतल्या एकाही गोष्टीला साक्षीदार नाही, कोणाची उलटतपासणी नाही. पण सहा महिने की तीन वर्षं, हे बहुतेक त्या यादीवरच ठरतं.

यादीतली एकेक गोष्ट उचलून पाहू. दाखल गुन्हा म्हणजे काय? कोणीतरी ठाण्यात जाऊन काही सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. निकाल लागेपर्यंत ते एका माणसाचं म्हणणं असतं, त्याहून जास्त काही नाही. महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या प्रकरणात, वासनिक विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हे स्वच्छ सांगितलं: केवळ खटले प्रलंबित आहेत एवढ्यावरून शिक्षेचा विचार करता येणार नाही. पूर्वी शिक्षा झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे निकालाची प्रत असते, ती कोर्टात दाखवता येते, आरोपीला "तो मी नव्हेच" म्हणायलाही जागा असते. पण प्रलंबित गुन्ह्यांची यादी आजही वाचली जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनावर तिचा व्हायचा तो परिणाम होतोच.

"परिसरात दहशत आहे" हे कोण म्हणालं? तपास अधिकारी म्हणाले. त्यांना कोणी सांगितलं? बीटवरच्या हवालदाराने. त्याला? बातमीदाराने, पानटपरीवाल्याने, गल्लीतल्या चार माणसांनी. त्या चौघांना कोणी सांगितलं, इथपर्यंत प्रश्न कधी जातच नाही.

पण सगळ्यात जास्त काळजी वाटावी अशी गोष्ट तडीपारीची आहे, आणि पुण्यात ती नवी नाही. शहर पोलीस, पिंपरी-चिंचवड पोलीस, ग्रामीण पोलीस, तिघांच्याही हद्दीतल्या तडीपारीच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर, लगतच्या जिल्ह्यांबाहेरही घालवता येतं. साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं की ही वाट मोकळी होते. मग गोपनीय जबाब घेतले जातात. साक्षीदार "अ", साक्षीदार "ब". कलम ५९ प्रमाणे नोटीस निघते, पण तिच्यात आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगितलं की पुरे.

ज्यांनी असे आदेश वाचलेत त्यांना गोपनीय जबाबांचा मजकूर जवळजवळ पाठ असतो. साक्षीदार रस्त्याने चालला होता. सदर इसमाने त्याला अडवलं, शिवीगाळ केली, खिशातले पैसे काढून घेतले. मदतीला लोक जमू लागले तेव्हा त्याने हातातलं हत्यार हवेत फिरवलं. लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी शटर खाली ओढली, रस्ता ओस पडला. भीतीपोटी साक्षीदाराने तक्रार दिली नाही. साक्षीदाराचं नाव नाही, दुकान कुठलं ते नाही, बऱ्याचदा नेमकी तारीखसुद्धा नाही. आणि हाच प्रसंग, याच क्रमाने, वेगवेगळ्या माणसांच्या आदेशांत भेटत राहतो. यातले सगळे जबाब खोटे असतात असं मी अजिबात म्हणत नाही. कोयते नाचवत गाड्या फोडणारी पोरं पुण्याने पाहिलेली आहेत, आणि रात्री शटर ओढताना दुकानदाराचे हात थरथरतात ते उगाच नाही. पण खरा जबाब कोणता आणि मागच्या फायलीवरून उतरवलेला कोणता, हे ओळखायला वाचणाऱ्याच्या हातात काहीही नसतं. एमपीडीए, म्हणजे धोकादायक समजल्या गेलेल्या माणसाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा राज्याचा कायदा, त्याखालच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने अशा जबाबांच्या खरेपणाची पडताळणी झालेली नाही म्हणून आदेश रद्द केले आहेत. म्हणजे हा धोका कोर्टांनाही दिसलेला आहे.

तडीपारी असावी की नसावी हा आजचा विषय नाही. जालन्याच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा असाधारण उपाय असल्याची आणि तो जपून वापरण्याची आठवण करून दिलीच आहे. मला बोलायचंय ते त्यानंतर काय होतं याबद्दल. दोन वर्षं संपतात. साक्षीदार "अ" आणि "ब" कोण होते हे कोणाला आठवत नाही. त्यांचं म्हणणं कधीच तपासलं गेलेलं नसतं. आणि चार वर्षांनी दुसऱ्याच खटल्यात शिक्षेच्या वेळी सरकारी वकील म्हणतात, "यापूर्वी तडीपार." ऐकीव गोष्टीचं बोलणारं तोंड गळून पडलं, शिक्का उरला. आता ती ऐकीव राहिली नाही, ती रेकॉर्ड झाली.

कायद्यानेच काही ठिकाणी लोकांच्या बोलण्याला जागा दिली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १३५ मध्ये, आणि त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ११६ मध्ये, एखादा माणूस सराईत गुन्हेगार आहे हे त्याच्या सर्वसाधारण लौकिकावरूनही सिद्ध करता येतं असं म्हटलेलं आहे. पण ही तरतूद चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड घेण्यापुरती आहे. बॉण्डसाठी जे चालतं ते तीन वर्षांच्या तुरुंगवासासाठी चालवून घेणं म्हणजे कायद्याने न दिलेली परवानगी स्वतःच घेणं.

ऐकीव माहितीचा दोष सांगताना लोक लगेच खोटारड्यांची आठवण काढतात. माझ्या मते खोटारडा त्यामानाने परवडला, उलटतपासणीत तो बऱ्याचदा सापडतो. मोठा धोका प्रामाणिक माणसांचा. त्यांनी ऐकलेलं असतं, त्यांचा विश्वास बसलेला असतो, आणि सांगताना ते मधला माणूस गाळून टाकतात. "तो मारामारी करतो म्हणे" यातलं "म्हणे" तिसऱ्या तोंडी पोचेपर्यंत नाहीसं होतं. शिवाय दहाजण तेच सांगतायत म्हणून ते दहापट खरं होत नाही. दहाहीजणांनी एकाचकडून ऐकलेलं असू शकतं. एका कागदाच्या दहा झेरॉक्स काढल्या म्हणून दहा कागदपत्रं होत नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी सीसीटीव्हीची क्लिप आणि तिच्याखालची "हाच तो" ही ओळ आठवून पाहा. क्लिप पुरावा असू शकते. खालची ओळ कोणी लिहिली हे ग्रुपमधल्या कोणालाच माहीत नसतं, आणि लोक लक्षात ठेवतात ती ओळच.

पुणेकरांना तर हे शिकायला लांब जावं लागू नये. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी होते, रघुनाथराव होते, आणि "ध चा मा" करणारी आनंदीबाई होती, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पत्रात "धरावे"चं "मारावे" तिने केलं की नाही, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. पण अडीचशे वर्षं त्या बाईची शिक्षा चालू आहे. तिच्या नावाने वाक्प्रचार पडला, वाड्यावर आलेल्या पाहुण्यांना ती गोष्ट आजही निकाल लागल्यासारखी सांगितली जाते. मेलेल्या माणसाला आता याचा त्रास नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत हीच सवय कोर्टात शिरली तर त्याच्या आयुष्यातली वर्षं जातात.

याचा अर्थ शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी फक्त गुन्हा बघावा आणि माणूस बघू नये, असा अजिबात नाही. संता सिंग विरुद्ध पंजाब या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षेवरची सुनावणी म्हणजे नुसतं दोन वाक्यं बोलू देणं नव्हे. दोन्ही बाजूंना माहिती मांडता आली पाहिजे आणि त्या माहितीवर वाद असेल तर पुरावाही देता आला पाहिजे. माणसाचं घर, वय, शिक्षण, कामधंदा, संगत, सुधारण्याची शक्यता, हे सगळं बघायलाच हवं. आणि ते बघण्याची एक चांगली व्यवस्था आपल्याकडे १९५८ पासून आहे. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाखाली प्रोबेशन ऑफिसर आरोपीच्या घरी जातो, चौकशी करतो, कोर्टाला अहवाल देतो. आपला तो वीस वर्षांचा मुलगा एकवीसच्या आतला आहे आणि त्याच्या गुन्ह्याला जन्मठेप नाही, म्हणून त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने हा अहवाल मागवणं कलम ६ प्रमाणे बंधनकारक आहे. हे किती जणांच्या बाबतीत मनापासून होतं, हा मात्र प्रश्नच आहे.

अहवालसुद्धा बराचसा ऐकीवच असतो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. अधिकारी दुपारी वस्तीत पोचतो तेव्हा आई धुण्याभांड्याला गेलेली, दाराला कुलूप. शेजारीण सांगते, पोरगा तसा बरा आहे पण वाईट संगतीला लागलाय. कोपऱ्यावरचा किराणावाला सांगतो, उधारी बुडवत नाही, पण मध्यंतरी म्हणे कोणाला तरी धमकावलं. चांगला अधिकारी यात फरक करतो. दार, खोली, पोराची शाळेची फाईल हे त्याने स्वतः पाहिलं. संगतीबद्दल शेजारणीने पाहिलं की ऐकलं, हे तो तिला विचारतो आणि तसं लिहितो. घाईतला अधिकारी मात्र लिहितो, "परिसरात चौकशी केली असता वर्तन समाधानकारक नसल्याचे समजते." ते "समजते" कोणाला, कोणाकडून, हे त्या वाक्यातून कधीच बाहेर येत नाही, आणि त्या एका वाक्यावर मुलगा येरवड्याला जातो.

कलम ७ म्हणतं की हा अहवाल गोपनीय आहे, पण कोर्टाला वाटलं तर त्याचा सारांश आरोपीला सांगता येईल आणि त्याला आपला पुरावा द्यायची संधी देता येईल. हे "वाटलं तर" काढून टाकायला हवं. जे वाचून माझी शिक्षा ठरणार ते मला सांगायचं की नाही, हे कोणाच्या मर्जीवर असू नये. शेजारणीचं नाव झाकायचं तर झाका. तिने काय सांगितलं आणि ते तिने पाहिलं होतं की ऐकलं होतं, एवढं तरी मुलाच्या वकिलाला कळू द्या.

हा रस्ता मोकळा सोडला की कुठवर जातो, ते अमेरिकेत दिसतं. १९४९ च्या विल्यम्स विरुद्ध न्यूयॉर्क या प्रकरणात ज्यूरीने खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेपेची शिफारस केली होती. न्यायाधीशांनी फाशी दिली. कारणांमध्ये त्यांनी प्रोबेशन विभागाकडून आलेली माहिती सांगितली: तीसेक घरफोड्या, ज्यांबद्दल त्या माणसाला कधी शिक्षाच झालेली नव्हती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे चालेल म्हटलं. पुढे १९७७ मध्ये गार्डनर विरुद्ध फ्लोरिडा या निकालाने निदान फाशीच्या बाबतीत आरोपीला न दाखवलेल्या गुप्त अहवालावर विसंबायला मनाई केली. पण बाकीच्या शिक्षांसाठी तिथल्या फेडरल कोर्टांत ऐकीव माहिती आजही चालते, तिच्यात खरेपणाच्या पुरेशा खुणा असल्या की झालं. खुणा कोणत्या, पुरेशा म्हणजे किती, हे न्यायाधीशागणिक बदलतं. खबऱ्याने तपास अधिकाऱ्याला सांगितलेल्या अमली पदार्थांच्या वजनावरून तिथे शिक्षेत वर्षांची भर पडू शकते. ज्या गुन्ह्यातून ज्यूरीने निर्दोष सोडलं तोही शिक्षेच्या हिशोबात धरला जायचा. त्या आकडेमोडीच्या नियमांतून ही गोष्ट वगळायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. एवढ्या वर्षांचा अनुभव समोर असताना आपण त्याच दिशेने का सरकायचं?

आपल्याकडचा धागा मुळात जास्त चांगला आहे. बचन सिंग निकालाने १९८० मध्ये फाशीची शिक्षा "दुर्मिळातल्या दुर्मिळ" प्रकरणांपुरती ठेवली, तेव्हाच एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: आरोपी सुधारणार नाही, तो समाजाला धोका राहील, हे सरकारने पुराव्याने सिद्ध करायचं. आरोपीने आपण सुधारू हे सिद्ध करायचं नाही. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं आणि अशा खटल्यांत आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वर्तणूक, कौटुंबिक पार्श्वभूमी ही माहिती आधीच गोळा करायला सांगितलं. ही शिस्त गळ्यात दोर पडण्याची वेळ आली तरच का लागू व्हावी? तीन वर्षं, सात वर्षं, दहा वर्षं तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या फाशीच्या कैद्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही.

आता हरकती. पहिली आणि सगळ्यात खरी: लोक घाबरतात. ज्या गल्लीत पोरं रात्री कोयते घेऊन फिरतात त्या गल्लीतल्या बाईने शिवाजीनगरला येऊन, आरोपीसमोर उभं राहून त्याची दहशत सांगायची, ही अपेक्षा क्रूर आहे, हे मला मान्य आहे. पण तिचं भय कमी करण्याची जबाबदारी सरकारची आहे, तिच्या नावाचा जबाब दुसऱ्याच कोणी सांगावा हा त्यावरचा उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून देशभर लागू केली. नव्या संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं आहे. बंद खोलीत साक्ष घ्या, पडदा लावा, व्हिडिओवरून घ्या, ओळख बदला. त्या बाईचे शब्द तिच्याच तोंडून यावेत आणि त्यावर दोन प्रश्न विचारता यावेत, एवढंच मागणं आहे. ती खरंच येऊच शकत नसेल, वारली असेल, सापडत नसेल, तर कायद्याला अपवाद नवे नाहीत. मृत्युपूर्व जबाब आपण मानतोच. तिथे मात्र ती का येऊ शकत नाही हे आधी दाखवावं लागावं, आणि तिच्या म्हणण्याला दुसरीकडून आधार मिळावा.

दुसरी हरकत पीडितांची आहे, आणि ती ऐकताना आवाज खाली येतो. आरोपीची आई म्हणते मुख्याध्यापकांनी त्याचं कौतुक केलं होतं, ते तुम्ही ऐकता. आम्ही म्हणतो तो गल्लीला छळत होता, ते मात्र ऐकीव? होय, फरक आहे, आणि तो जाणूनबुजून ठेवायला हवा. आईचं म्हणणं खोटं निघालं तर एखाद्याला सहा महिने कमी मिळतील. गल्लीचं म्हणणं खोटं निघालं तर एखादा माणूस न केलेल्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं आत राहील. सरकारकडे ठाणी आहेत, तपास अधिकारी आहेत, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे; आईकडे रेशनकार्ड आणि शेजारी. दोघांकडून एकाच तोडीचा पुरावा मागणं म्हणजे समान वागवणं नव्हे. बचन सिंग निकालानेही शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबींकडे उदारपणे पाहायला सांगितलं आहे ते याचसाठी. आणि पीडितांचं जे स्वतःचं आहे, तुटलेला हात, गेलेली नोकरी, रात्री दचकून उठणारं पोर, ते ऐकीव नाहीच. ते त्यांनी कोर्टात स्वतः सांगावं आणि कोर्टाने त्याचं पूर्ण वजन धरावं. आज त्यांनाही त्या थोडक्यात आटोपणाऱ्या सुनावणीत जागा मिळत नाही.

करायचं ते फार अवघड नाही. दोषी ठरवण्याचा दिवस आणि शिक्षेचा दिवस वेगळा ठेवावा, मधे बचावाच्या वकिलाला सरकार काय सांगणार ते लेखी मिळावं. प्रलंबित गुन्हे, तडीपारी, एमपीडीए हे शिक्षेच्या युक्तिवादात येऊच नयेत. ज्या प्रसंगावरून ती कारवाई झाली तो प्रसंग सांगणारा साक्षीदार असेल तर त्याला आणावं. प्रोबेशन ऑफिसरच्या अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने वेगळे करावेत, स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं. आणि शिक्षेच्या आदेशात न्यायाधीशांनी लिहावं की कडक शिक्षेसाठी कोणती गोष्ट धरली आणि ती कोणी शाबीत केली. उच्च न्यायालयाला एका परिपत्रकाने हे खालच्या कोर्टांना सांगता येईल, संसदेची वाट पाहायची गरज नाही. पुण्याचे महिला व बालविकास आयुक्तालयातले अधिकारी, ज्यांच्या विभागाखाली राज्यातले हे प्रोबेशन ऑफिसर येतात, अहवालाचा नमुना तर उद्याही बदलू शकतात. खटल्यांचा ढीग पाहता प्रत्येक प्रकरणात एक तारीख वाढेल, हे खरं आहे. ती वाढू द्यावी.